अडीच व्होल्टची मर्यादा

चेन्नईला पोस्टिंग म्हटलं की गावाकडचे लोक समुद्राबद्दल विचारतात, फौजेतले मित्र ओटीएबद्दल, आणि आई विचारते की इडलीला कंटाळलास का. समुद्र महिन्यातून एकदा दिसतो. ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी, जी १९६३ पासून सेंट थॉमस माउंटच्या परिसरात आहे, ती येता-जाता दिसते. पण मी खडकवासल्याच्या कारखान्यातला माल, त्यामुळे तिथल्या ड्रिल स्क्वेअरशी माझं नातं फक्त बाहेरून बघण्याचं. इडलीला मात्र अजून कंटाळलेलो नाही.

माझं काम ईएमईचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्सचं. बिघडलेली गाडी दुरुस्त करायची आणि रुतलेली गाडी बाहेर काढायची. युनिट कोणतं, वर्कशॉप कुठे, ते नेहमीप्रमाणे लिहीत नाही. आजचा विषय तसा छोटा आहे : एक चिप, तिला दिलेले पाच व्होल्ट, आणि तिच्या कागदावर लिहिलेले अडीच. पण त्या अडीच व्होल्टच्या पलीकडे एका माणसाचा पाय किंवा जीव असू शकतो, म्हणून लिहितो आहे.

आधी रिकव्हरीबद्दल सांगतो. इथला मोठा पाऊस आपल्यासारखा जून-जुलैत नसतो. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या दिवसांत रस्त्याच्या कडेची माती लोण्यासारखी होते आणि लोड घेतलेला ट्रक एकदा कडेला उतरला की बसतो. मग रिकव्हरी गाडी, विंच आणि रस्सा. रस्सा म्हणजे पोलादी वायर रोप. गाडी बाहेर काढायला किती ओढ लागेल याचा आमच्या धंद्यात एक ठोकताळा आहे : चाकं बुडेपर्यंत रुतली तर गाडीच्या वजनाइतकी, मडगार्डापर्यंत रुतली तर दुप्पट. हा झाला ठोकताळा. प्रत्यक्षात चिखल किती धरून ठेवतो ते चिखलालाच माहीत. विंच चालवणारा माणूस इंजिनाच्या आवाजावरून, रश्शाच्या थरथरीवरून आणि अनुभवावरून अंदाज बांधतो.

अंदाज चुकला की रस्सा तुटतो. ज्यांनी तो तुटताना पाहिलाय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. ताणलेल्या पोलादात साठलेली सगळी ताकद एका क्षणात सुटते आणि तुटलेलं टोक चाबकासारखं फिरतं. उत्तरेकडच्या एका पोस्टिंगमध्ये मी ते पाहिलं. एका तरुण जवानाचा पाय गुडघ्याखाली गेला. चौकशी झाली, कागद झाले. त्यातलं एक वाक्य माझ्या लक्षात राहिलं : ओढ किती होती ते मोजण्याचं साधन जागेवर नव्हतं.

म्हणून आमच्या वर्कशॉपमधल्या एका नायकाने जेव्हा स्वतःहून ओढ मोजायचं यंत्र बनवलं, तेव्हा मला किती आनंद झाला असेल ते समजून घ्या. पोरगा वर्धा जिल्ह्यातला, हिंगणघाटचा. इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड, हात सोन्याचा. सुट्टीच्या दिवशी इतर लोक मरीनाला जातात, हा अण्णा सालैला उतरून रिची स्ट्रीटच्या गल्लीत शिरतो. तिथे लहान-लहान दुकानांत रेझिस्टरपासून डिस्प्लेपर्यंत सगळं मिळतं. तिथून सामान आणून, दोन महिने रात्री जागून त्याने डबा तयार केला. रस्सा आणि हूक यांच्या मध्ये दहा टनांचा लोड सेल बसवायचा, त्याची वायर डब्यात, आणि डब्यावर मोठ्या लाल आकड्यांत किलो.

लोड सेल म्हणजे पोलादाचा ठोकळा. ताण पडला की तो डोळ्यांना न दिसण्याइतका किंचित लांबतो. त्यावर चिकटवलेल्या बारीक पट्ट्यांचा विद्युतरोध त्यामुळे बदलतो. पट्ट्यांच्या त्या जोडणीला पाच व्होल्ट दिले की पूर्ण दहा टनांवर बाहेर येतात फक्त दहा मिलिव्होल्ट. इतका बारीक व्होल्टेज आकड्यात बदलायला लागतो अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर, म्हणजे एडीसी. नायकाने घेतला होता टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एडीएस १२५६. चोवीस बिटांचा. म्हणजे आपल्या पूर्ण मापाचे तो १ कोटी ६७ लाखांहून जास्त भाग करतो. चांगली चिप आहे.

आता एडीसी मोजतो म्हणजे काय करतो? भाजीवाला एका पारड्यात भाजी आणि दुसऱ्यात वजन टाकतो, तसंच. एका बाजूला मोजायचा व्होल्टेज, दुसऱ्या बाजूला आपण दिलेला एक ठरावीक व्होल्टेज. त्या ठरावीक व्होल्टेजला रेफरन्स म्हणतात. एडीसीला व्होल्ट वगैरे काही कळत नाही. त्याला एवढंच कळतं की हे त्याच्या कितवा भाग आहे. म्हणून रेफरन्स हे त्याचं मापाचं वजन. ते खोटं तर सगळा बाजार खोटा.

या चिपच्या डेटाशीटमध्ये रेफरन्सपुढे तीन आकडे आहेत : कमीत कमी अर्धा व्होल्ट, नेहमीचा अडीच, जास्तीत जास्त २.६. नायकाने दिले होते पाच.

“का रे?” मी विचारलं.

कारण त्याच्याकडे होतं, आणि ते अडाणीपणाचं नव्हतं. लोड सेलला पाच व्होल्ट मिळतात. ते गाडीच्या बॅटरीवरून बनवलेले, त्यामुळे उन्हात, इंजिनाच्या धक्क्यांत थोडे वर-खाली होणारच. पाच व्होल्ट दोन टक्के वाढले की लोड सेलचा सिग्नलही दोन टक्के वाढतो. पण तेच पाच व्होल्ट एडीसीला रेफरन्स म्हणून दिले तर मापाचं वजनही दोन टक्के वाढतं आणि गुणोत्तर तसंच राहतं. शिंप्याची टेप आणि कापड दोन्ही सारखीच आटली तर सदरा बिघडत नाही, तसं. ही पद्धत बरोबर आहे आणि चांगले लोक हीच वापरतात. पोराचं डोकं बरोबर दिशेने चाललं होतं. फक्त शेवटच्या वळणावर त्याने आख्खे पाच व्होल्ट सरळ रेफरन्सच्या पायाला जोडले.

“सर, डेटाशीटमध्ये पाहिलं मी. पाच व्होल्टनं चिप जळत नाही.”

हेही खरं. डेटाशीटमध्ये दोन वेगळ्या मर्यादा असतात. एक ‘अ‍ॅब्सोल्यूट मॅक्सिमम’ : याच्या पुढे गेलात तर चिप कायमची मरू शकते. या चिपच्या अ‍ॅनालॉग पायांसाठी ती सप्लायपेक्षा ०.३ व्होल्ट वर आहे. सप्लाय पाच, म्हणजे मर्यादा ५.३. त्याच्या वर पायाला जोडलेला संरक्षक डायोड करंट खेचू लागतो आणि पुढे चिपच्या आत काय पेटेल ते सांगता येत नाही. नायक त्या रेषेच्या आत होता. दुसरी मर्यादा कामाची : ०.५ ते २.६. या हद्दीत राहिलात तर इतकी अचूकता, इतकी सरळ रेष, इतक्या तापमानापर्यंत, असा शब्द कंपनी देते. २.६ आणि ५.३ च्या मधला जो पट्टा आहे, त्यात चिप जळत नाही, आकडे येत राहतात, आणि कोणाचाही शब्द नसतो.

“पण बरोबर तर दाखवून राहिलं आहे ना सर ते,” नायक म्हणाला. “दोन महिने झाले. एकदाही चुकलं नाही.”

हेच वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. नोकरीत आणि नोकरीबाहेर मी ते शंभर वेळा ऐकलंय. म्हणून त्याला विचारलं, बरोबर दाखवतंय हे कशावरून ठरवलं? त्याने वर्कशॉपमधली पन्नास किलोची वजनं टांगली होती. एक, दोन, करत दहा. पाचशे किलोपर्यंत आकडा किलोला किलो जुळला. तिथून पुढे दहा टनांपर्यंत त्याने सरळ रेष वाढवली.

पाचशे किलो म्हणजे दहा टनांचा विसावा भाग. उरलेले एकोणीस भाग रेषेच्या भरवशावर. आणि रेष सरळच जाते याची जी हमी, तीच त्याने २.६ व्होल्टच्या पलीकडे जाऊन सोडून दिली होती. एडीसीच्या आत लहान कपॅसिटर आहेत; ते सेकंदाला लाखो वेळा रेफरन्सवर भरतात आणि रिकामे होतात, आणि आतले अ‍ॅम्प्लिफायर त्यांना वेळेत स्थिर करतात. हे सगळं अडीच व्होल्टसाठी आखलेलं. दुप्पट व्होल्टेजवर अ‍ॅम्प्लिफायरला वर जागा उरत नाही. तो पूर्ण स्थिर होण्याआधीच मोजणी होऊन जाऊ शकते. चूक होईल की नाही, झाली तर किती, कोणत्या लोडवर, किती गरमीत, वर की खाली, यातलं काहीही कागदावर नाही. एक चिप बरोबर चालेल आणि पुढच्या खोक्यातली चालणार नाही. आणि चूक खालच्या बाजूला झाली, सात टनांना डबा सहा टन म्हणाला, तर विंचवाला डब्यावर विश्वास ठेवून अजून ओढेल. डबा नसता तर तो आवाज ऐकून थांबला असता. चुकीचं माप हे माप नसण्यापेक्षा वाईट असतं, ते असं.

गंमत म्हणजे पाच व्होल्ट देऊन त्याचा फायदाही काही नव्हता. चिपचा आतला गुणक चौसष्टवर ठेवला तर अडीच व्होल्ट रेफरन्सवर ती अठ्ठ्याहत्तर मिलिव्होल्टपर्यंत मोजते. आपला सिग्नल जास्तीत जास्त दहा. जागा भरपूर होती. रेफरन्स दुप्पट केल्याने मापाची प्रत्येक पायरी दुप्पट जाड झाली, एवढंच.

हे सगळं मी त्याला फळ्यावर समजावलं. त्याने मान हलवली, पण चेहरा पडला. दोन महिन्यांच्या रात्री होत्या त्याच्या. कमांडिंग ऑफिसरांसमोर डेमोची तारीखही ठरलेली. मला डेटाशीटचा आधार होता, पण त्याच्या डोळ्यांसमोर रोज बरोबर येणारा आकडा होता. डोळ्यांसमोरच्या आकड्यापुढे कागद नेहमी फिका पडतो.

तोडगा काढला रिकव्हरीच्या सुभेदार साहेबांनी. तिरुनेलवेलीकडचे, वीसहून जास्त वर्षं रस्सा हातात. इलेक्ट्रॉनिक्सशी त्यांचा संबंध मोबाइलपुरता. ते मागे उभं राहून ऐकत होते. मला म्हणाले, “साब, ये दो लिमिट वाला बात तो रस्से का है.”

आणि मग त्यांनी नायकाला रश्शाजवळ नेलं. प्रत्येक रश्शाचे दोन आकडे असतात. एक, ज्यावर तो तुटतो. दुसरा, ज्यावर काम करायचं : सेफ वर्किंग लोड. क्रेनने माल उचलायच्या कामात तुटण्याचा आकडा साधारण पाचपट ठेवतात. पंचवीस टनांना तुटणारा रस्सा पाच टनांना वापरायचा. सुभेदार साहेबांनी विचारलं, दहा टनांना ओढला तर तुटेल? नाही. पंधरा? बहुतेक नाही. मग ओढू? नायक गप्प. “टूटेगा नहीं,” साहेब म्हणाले, “लेकिन बीच में मेरा गारंटी नहीं. गारंटी नहीं तो मेरा लड़का उधर खड़ा नहीं होगा.”

पोराला जे माझ्या फळ्यावर कळलं नव्हतं, ते तिथे कळलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला त्याच्या गावच्या एका माणसाची गोष्ट सांगितली. गावचा म्हणजे तिथे पुरलेला. सेंट थॉमस माउंटला तमिळमध्ये परंगीमलै म्हणतात. या टेकडीजवळच्या सपाट जमिनीवर १८०२ साली विल्यम लॅम्बटन नावाच्या फौजी अधिकाऱ्याने साडेसात मैलांची एक रेघ मोजली. संपूर्ण हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ती पहिली पायाभूत रेघ. पुढे कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत जे त्रिकोण पसरले त्यांची मुळं इथे. मोजायचं साधन शंभर फुटांची पोलादी साखळी. मद्रासच्या उन्हात पोलाद वाढतं : दहा अंश सेल्सिअसला शंभर फुटांत साडेतीन मिलिमीटरहून थोडं जास्त. ऐकायला काहीच नाही. साडेसात मैलांत ते होतं जवळजवळ दीड मीटर. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवायची, सावलीत धरायची, शेजारी थर्मामीटर ठेवून तापमान लिहायचं. आणि एक गोष्ट मला फार आवडते : त्याच्याकडे साखळ्या दोन होत्या. एक मोजायला. दुसरी मोजायला वापरायचीच नाही; पहिली किती झिजली, किती ताणली, ते तिच्याशी ताडून पाहायचं.

रेफरन्सला असं जपायचं असतं. त्याच्याकडून काम करून घ्यायचं नाही, त्याला ताण द्यायचा नाही. लॅम्बटन असाच मोजत-मोजत उत्तरेला सरकत गेला आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. नायक म्हणाला, “शाळेत कोणी सांगितलं नाही सर.” मलाही शाळेत कोणी सांगितलं नव्हतं, चेन्नईला आलो नसतो तर मीही वाचलं नसतं.

दुरुस्ती दीड दिवसाची निघाली. लोड सेलच्या त्याच पाच व्होल्टवर दोन सारखे, तापमानाला न हलणारे रेझिस्टर लावले की मधोमध मिळतात अडीच. पाच वाढले की अडीचही त्याच प्रमाणात वाढतात, म्हणजे गुणोत्तराचा फायदा जसाच्या तसा. एक काळजी मात्र घ्यावी लागते. या चिपचा रेफरन्स पाय थोडा करंट ओढतो, त्यामुळे नुसत्या रेझिस्टरांवर ते अडीच खाली बसतात. म्हणून मध्ये एक ऑप-अ‍ॅम्प बफर आणि पायाजवळ कपॅसिटर. नायकाने हे स्वतः शोधून काढलं, मी फक्त मीटर धरला. चिपही नवीन बसवली. जुनी ५.३ च्या आत होती, बहुधा तिला काही झालं नसणार. पण सुभेदार साहेबांचा नियम आहे की ज्या रश्शाने जादा ताण खाल्लाय असा संशय आहे, तो परत कामावर घ्यायचा नाही. तो नियम चिपलाही लावला.

मग खरी परीक्षा. काँक्रीटचे ठोकळे वजनकाट्यावर तोलून आणले आणि क्रेनला लोड सेल लावून एकेक टांगले. दोन टन, चार, सहा. सकाळच्या गारव्यात एकदा आणि दुपारी दोनच्या उन्हात पुन्हा. प्रत्येक आकडा वहीत, तारीख आणि तापमानासह. डेमो तीन आठवडे पुढे गेला. त्यावर एक-दोघांनी नाक मुरडलं, तेवढं चालायचंच.

या सगळ्यात मला स्वतःशी एक गोष्ट तपासून पाहावी लागली. एनडीएत आम्हाला मर्यादा म्हणजे ओलांडायची गोष्ट असंच शिकवलं. कॅम्प तोरणाला पाय फुटले तरी पळालो, आणि पळाल्यावर कळलं की पाय अजून पळू शकतात. माणसाला ताण दिला, मग विश्रांती दिली की तो वाढतो, पुढच्या वेळी जास्त सोसतो. हे खरं आहे आणि त्यानेच फौज चालते. पण रश्शाला विश्रांती देऊन तो वाढत नाही. चिप सराव करून तयार होत नाही. ज्याच्यावर दुसऱ्यांनी विसंबायचं आहे त्या वस्तूला ‘दम दाखव’ म्हणण्यात काही बहादुरी नाही. आपल्या लोकांत जुगाडाचं कौतुक फार, आणि मलाही आहे. दोन महिने रात्री जागून पोराने जे केलं तेही जुगाडच होतं. फक्त जुगाड कुठे थांबवायचा ते ठरवायला कोणीतरी लागतो, आणि फौजेत ते काम ऑफिसरच्या पगारात धरलेलं असतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. एका रात्री शहराबाहेर लोड घेतलेला ट्रक भाताच्या खाचरात उतरला, मडगार्डापर्यंत. रस्सा लावला, लोड सेल लावला, सगळ्यांना रश्शाच्या टप्प्याबाहेर काढलं. विंच सुरू झाला. लाल आकडे चढत गेले आणि ट्रक तसूभर हलला नाही. सुभेदार साहेबांनी ठरवलेल्या आकड्याला हात वर केला. विंच थांबला. इंजिनाच्या आवाजावरून वाटत होतं की आणखी थोडं ओढलं असतं तर निघाला असता. विंचवरचा जवान तसं म्हणालाही.

साहेबांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी रस्सा ढिला सोडायला लावला, पुली मागवली, ट्रकच्या हुकाला अडकवून रश्शाचा फेरा परत रिकव्हरी गाडीला आणून बांधला. तेवढ्यात पाऊण तास गेला, सगळे चिंब. रश्शावरचा ताण जवळजवळ निम्मा झाला. दुसऱ्या खेपेला आकडा मर्यादेच्या बराच खाली होता आणि चिखलाने ट्रक सोडला.

नायक डबा पोंचोखाली धरून उभा होता. साहेब त्याच्याजवळ गेले, चहाचा मग त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, “कल इसका नंबर रजिस्टर में चढ़ा दो. अब ये मेरा स्टोर का है.”